मास्टोडॉन, ब्लूस्काय आणि बाकीचे: विकेंद्रित सोशल मीडियावर किती विसंबायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही चौघं मिळून एक लहानसा मास्टोडॉन सर्व्हर चालवतो. मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण कोणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं सोशल मीडिया. जानेवारी २०२३ मध्ये सुरू केला. ट्विटरची मालकी बदलून तेव्हा तीनच महिने झाले होते आणि ओळखीतले बरेच जण नवी जागा शोधत होते. आज १७० च्या आसपास खाती आहेत: नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला जाणारे, अंजनेरी-ब्रह्मगिरी चढणारे, पुस्तकांत रमणारे, निफाड-दिंडोरीकडचे काही द्राक्ष बागायतदार, दोन-तीन शिक्षक. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कॉलेज रोडला भेटतो. तिथे आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतोय. सर्व्हर मीच सांभाळतो, म्हणजे माझी बाजू यात आहेच. ते धरून वाचा.

विकेंद्रित म्हणजे नेमकं काय?

ईमेल आठवा. तुमचा पत्ता रेडिफमेलचा असो, माझा जीमेलचा असो, मेल पोचतो, कारण मेल पाठवायची रीत सगळ्यांनी एकच मानली आहे. मास्टोडॉनचं तसंच आहे. हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, तरी एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो. यामागच्या सामाईक रीतीचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने २३ जानेवारी २०१८ ला तिला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. फोटोंसाठीचं पिक्सेलफेड, व्हिडिओसाठीचं पीअरट्यूब, चर्चांसाठीचं लेमी हेही तीच भाषा बोलतात. या सगळ्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. मास्टोडॉन हे त्यातलं सगळ्यांत परिचित नाव. जर्मनीतल्या यूजेन रोचको या तरुणाने ते २०१६ मध्ये लोकांपुढे आणलं.

आमच्या बागायतदार मित्रांना हे समजायला वेळ लागत नाही, कारण त्यांनी पाणीवापर संस्था पाहिल्या आहेत. वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ओझरकडच्या शेतांपर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा १९९० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या पाणीवापर संस्था काढल्या. धरण एकच, कालवा एकच, पण चारीवरचं पाणी मोजून घ्यायचं, वाटायचं आणि पट्टी गोळा करायची हे काम गावच्या संस्थेकडे आलं. सर्व्हर म्हणजे अशीच एक संस्था. एका गावची संस्था चोख चालते आणि दुसऱ्या गावची नुसती कागदावर असते, तसंच सर्व्हरांचंही असतं. म्हणून 'मास्टोडॉनवर विश्वास ठेवू का?' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कोणाच्या सर्व्हरवर, हे त्यात यायला हवं.

कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरांनाही दिसत असेल ना?

दिसतो. मास्टोडॉन ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी हे पहिल्याच भेटीत विचारलं होतं. नोटा छापायच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला गुप्ततेची किंमत ठाऊक असते, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता.

ओपन सोर्सच्या बाजूचा मुद्दा असा की कोड चोराला दिसतो तसाच तो चांगल्या माणसालाही दिसतो, आणि भोक सापडलं की बुजवायला कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. पण 'दिसतो' आणि 'कोणी पाहिला आहे' यांत फार अंतर आहे. ओपनएसएसएल हे जगातल्या निम्म्याअधिक वेबचं कुलूप म्हणावं असं सॉफ्टवेअर. त्यातला हार्टब्लीड नावाचा दोष २०१२ पासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि उघडकीला आला एप्रिल २०१४ मध्ये. त्याहून अंगावर काटा आणणारी गोष्ट मार्च २०२४ मधली. एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी दोन-अडीच वर्षं मदतनीस म्हणून वावरून, मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावून, चोरवाट घुसवली होती. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला म्हणून. कोड उघडा नसता तर त्याला शोध घेता आला नसता, हे खरं. तो माणूस तिथे नसता तर उघडा असूनही काही उपयोग झाला नसता, हेही तितकंच खरं.

मास्टोडॉनचीही एक गोष्ट सांगतो, कारण तीत आम्ही आहोत. जुलै २०२३ मध्ये, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने पैसे देऊन करवून घेतलेल्या तपासणीत मास्टोडॉनमध्ये एक गंभीर दोष सापडला: विशिष्ट तऱ्हेने बनवलेली फोटोची फाइल पाठवून सर्व्हरचा ताबा घेता येईल असा. ६ जुलैला, गुरुवारी, दुरुस्ती जाहीर झाली. मी तेव्हा लग्नासाठी सिन्नरला होतो. लॅपटॉप घरी. आमच्या सर्व्हरवर दुरुस्ती चढली शनिवारी दुपारी. म्हणजे जगाला दोष कळल्यापासून दोन दिवस आमचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. काही झालं नाही. पण तेव्हापासून किल्ल्या दोघांकडे असतात आणि दोघं एकाच वेळी गावाबाहेर जात नाहीत.

कोड उघडा आहे का, हे विचाराच. त्यासोबत हेही विचारा: मागची सुरक्षा दुरुस्ती आल्यावर तुमच्या सर्व्हरवर ती किती तासांत चढली?

दादा, तुम्हाला माझे खासगी मेसेज दिसतात का?

हो, बघायचे ठरवले तर दिसतात.

हे मी प्रत्येक नव्या सभासदाला तोंडी सांगतो, कारण बहुतेकांना धक्का बसतो. मास्टोडॉनवरचा 'खासगी उल्लेख' हा फक्त नावापुरता खासगी. त्याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येणार नाही असं कुलूप, नाही. तो आमच्या डेटाबेसमध्ये साध्या मजकुरासारखा पडलेला असतो, आणि तुम्ही ज्याला पाठवला त्याच्या सर्व्हरवरही तसाच असतो. म्हणजे दोन ठिकाणचे ॲडमिन (सर्व्हर सांभाळणारे) तो वाचू शकतात. एका काकांना विश्वास बसेना, तेव्हा त्यांच्या परवानगीने लॅपटॉप उघडून त्यांनीच स्वतःच्या दुसऱ्या खात्यावर पाठवलेला मेसेज मी त्यांना दाखवला. काळ्या पडद्यावर आकड्यांच्या रांगा आणि मधोमध त्यांचंच वाक्य: 'संध्याकाळी दूध घेऊन ये'. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोस्टकार्ड." तेव्हापासून आम्ही सगळेच तोच शब्द वापरतो.

आम्ही वाचत नाही, हे आमचं वचन आहे. पण वचनाला आमच्या घराच्या भिंतीपलीकडे काही बळ नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा नावाच्या सर्व्हरच्या एका ॲडमिनच्या घरावर एफबीआयने भलत्याच प्रकरणात छापा घातला. त्यावेळी ॲडमिन सर्व्हरचं काम करत होता आणि डेटाबेसची एन्क्रिप्ट न केलेली प्रत त्याच्या जवळच्या उपकरणांत होती. तीही गेली. हजारो माणसांचे मेसेज, ईमेल पत्ते, सगळं. त्यातल्या कुणाचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता.

आजाराबद्दल, पैशाबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल, कुणाच्या तक्रारीबद्दल बोलायचं असेल तर सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा. गंमत अशी की सिग्नल विकेंद्रित नाही, एकाच ना-नफा संस्थेकडे आहे. तरी त्या संस्थेलाही तुमचा मजकूर वाचता येत नाही. विकेंद्रित, ओपन सोर्स आणि खासगी हे तीन वेगळे गुण आहेत. एक दिसला की बाकीचे दोन आपोआप आले असं धरू नका.

मग व्हॉट्सॲपच बरं की?

घरच्या ग्रुपसाठी बरंच आहे. तिथला मजकूर एन्क्रिप्टेड असतो. मास्टोडॉन चावडीसारखं आहे, चार लोकांत बोलायची जागा. दोन्हींचं काम वेगळं.

टाकलेली पोस्ट डिलीट केली की ती गेली ना?

आमच्याकडून गेली. बाकीच्यांकडून गेली असेलच असं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका सभासद ताईंनी नांदूर मधमेश्वरला नदी सुरयाच्या घरट्याचा फोटो काढला. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटांवर हे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, त्यात ठिपक्याठिपक्यांची दोन अंडी. फोटो सुंदर होता. अडचण मागच्या कोपऱ्यात होती: काठावरचा निरीक्षण मनोरा आणि वाकलेलं बाभळीचं झाड. चापडगावकडे एकदा गेलेल्या कोणालाही बेट ओळखू आलं असतं, आणि सुट्टीच्या दिवशी त्या बेटावर कॅमेरे घेऊन वीस माणसं उतरली असती. कोणीतरी लक्षात आणून दिल्यावर ताईंनी वीस मिनिटांत पोस्ट काढली.

त्या वीस मिनिटांत ती पोस्ट ज्या ज्या सर्व्हरवर त्यांना फॉलो करणारा कुणी होता, तिथे तिथे पोचली होती. डिलीट केल्यावर आमचा सर्व्हर त्या सगळ्यांना 'ही काढून टाका' असा निरोप पाठवतो. बहुतेक पाळतात. एका सर्व्हरवर मात्र तो निरोप गेला तेव्हा सर्व्हर बंद होता, आणि नंतर चालू झाल्यावर फोटो तिथे तसाच दिसत राहिला. मी तिथल्या ॲडमिनला मेल केला, परदेशातला माणूस, दोन दिवसांनी उत्तर आलं, फोटो काढला. माणूस भला होता म्हणून निघाला. त्याने ऐकलंच पाहिजे असं बंधन माझ्याकडे नव्हतं.

बंदिस्त कंपन्यांवरही स्क्रीनशॉट निघतातच, पण तिथे निदान मूळ प्रत एका जागी असते. इथे प्रती पहिल्यापासूनच अनेक. घरट्याचं ठिकाण, लेकराचा शाळेच्या गणवेशातला फोटो, गावाला जातोय म्हणून घर बंद असल्याची बातमी, हे टाकण्याआधी थांबा.

सर्व्हरच बंद पडला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि यायलाच हवा.

आधी मोठ्या कंपन्यांचं बघू, कारण 'कंपनी आहे म्हणजे टिकणार' हा समज खोल रुजलेला आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. ट्विटरसारखं, मराठीतही चालणारं आपल्या देशातलं कू जुलै २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरापोरींनी कमावलेला प्रेक्षक सकाळपर्यंत नाहीसा झाला होता. दुसरीकडे न्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

फेडिव्हर्समध्ये सर्व्हर यापेक्षा जास्त वेळा बंद पडतात. हे लपवण्यात अर्थ नाही. मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा जुना, नावाजलेला सर्व्हर २०२२ च्या अखेरीस थांबला, कारण चालवणाऱ्याच्या घरच्या अडचणी. मास्टोडॉन डॉट लोल २०२३ मध्ये थांबला, कारण चालवणारा रोजच्या शिवीगाळीला कंटाळला. मोझिलासारख्या मोठ्या संस्थेनेही आपला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर एका सर्व्हरचा पत्ताच गेला: डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन, आणि तालिबान सरकारने ते काढून घेतलं. आकर्षक पत्ता कोणत्या देशाचा आहे हे पाहिलं जात नाही, त्याचे हे परिणाम.

फरक इतकाच की इथे निघून जाता येतं. मास्टोडॉनवर खातं दुसऱ्या सर्व्हरला हलवलं की फॉलोअर आपोआप मागे येतात. पोस्ट येत नाहीत. त्या फाइल म्हणून उतरवून घेता येतात, पण नव्या खात्यावर चढवता येत नाहीत. भाड्याचं घर बदलताना सामान हलवता येतं, भिंतीवर रंगवलेलं चित्र नेता येत नाही, तसं. आणि हलवायला जुना सर्व्हर चालू असावा लागतो. म्हणून आधी सूचना मिळणं फार मोलाचं. मास्टोडॉन प्रकल्पाच्या यादीत नाव हवं असेल तर सर्व्हरला चार गोष्टी कबूल कराव्या लागतात: द्वेषाविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, किमान आणखी एका माणसाकडे आपत्कालीन प्रवेश, आणि बंद करायचा झाल्यास तीन महिने आधी सूचना. सर्व्हर यादीत नसला तरी या चार गोष्टी कोणत्याही ॲडमिनला विचारा.

पैसे कुठून येतात? फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार.

असा संशय घेणं चांगलं. माझ्या आत्याची आयुष्यभराची ठेव एका पतसंस्थेत अडकली. तिथे वार्षिक सभेचा अहवाल छापून येत असे, गुळगुळीत कागदावर, पण कर्ज कोणाला दिलंय हे विचारलं की चहा यायचा. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी आधी हिशेबाची वही मागतो, आणि सर्व्हर सुरू केला तेव्हा पहिली वही आपली मांडली.

आमचा खर्च महिन्याला दोन हजारांच्या आसपास. जाहिरात नाही. तीसेक सभासद वर्षाला जमेल तसे देतात, कमी पडलं की आम्ही चौघं घालतो. सगळ्यात जास्त पैसे खातात ते फोटो, आणि तेही आपले नव्हेत: सभासद ज्यांना फॉलो करतात त्यांच्या सर्व्हरवरून येणाऱ्या चित्रांच्या प्रती साठवाव्या लागतात. दर तिमाहीला जमाखर्च सर्व्हरवर टाकतो, अगदी यूपीआयने आलेल्या ५१ रुपयांसकट, फक्त देणाऱ्याचं नाव गाळून.

शेकडो लोकांचा सर्व्हर एकटा माणूस खिशातून चालवतोय आणि हिशेब कुठेच नाही, असं दिसलं तर मला काळजी वाटते. तो लबाड असेल असं नाही. थकेल, एवढंच.

ब्लूस्कायही विकेंद्रितच आहे ना?

रचना तशी केली आहे. ट्विटरमध्येच २०१९ साली तो प्रकल्प म्हणून सुरू झाला, पुढे स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ पासून आमंत्रणाशिवाय कोणालाही खातं उघडता येऊ लागलं. त्यांची भाषा ॲक्टिव्हिटीपबपेक्षा वेगळी, तिचं नाव एटी प्रोटोकॉल. एका बाबतीत ती सरस आहे: खातं हलवताना पोस्टही सोबत नेता येतात.

पण बहुतांश खाती आजही त्या एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीच्या सर्व्हरांना अडचण आली तेव्हा जवळपास सगळ्यांचंच ब्लूस्काय बंद पडलं. स्वतःचा सर्व्हर चालवणारे मूठभर लोक तेवढे सुरू होते. त्याच सुमारास तुर्कस्तान सरकारच्या मागणीवरून तिथे काही खाती अधिकृत ॲपमध्ये दिसेनाशी झाली, मात्र दुसऱ्या ॲपमधून दिसत राहिली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की तिथलं विकेंद्रीकरण कुठपर्यंत आलंय ते कळतं. आणखी एक: ब्लूस्कायवर तुम्ही कोणाला ब्लॉक केलंय, काय लाइक केलंय हे सार्वजनिक असतं. पुष्कळांना हे माहीत नसतं.

फेसबुकवाल्या मेटाचं थ्रेड्स ॲक्टिव्हिटीपबशी अंशतः जोडलेलं आहे. म्हणजे आमच्या सर्व्हरवरून तिथल्या काही लोकांना फॉलो करता येतं. त्यामुळे मेटा विकेंद्रित झाली असं समजू नका.

नॉस्टर?

हीही विकेंद्रित सोशल मीडियाची एक रीत. तिथे पासवर्ड नसतो, एक लांबलचक गुप्त किल्ली असते. ती हरवली तर 'पासवर्ड विसरलात?' असं विचारणारं कोणी नाही. चोरीला गेली तर चोर म्हणजेच तुम्ही. ज्यांना किल्ल्या सांभाळायची सवय आहे त्यांनीच जावं.

अफवा आणि घाण कोण आवरतं?

ज्याचा सर्व्हर, तो. चांगुलपणाची हमी तंत्रज्ञानात नाही. गॅब या द्वेषासाठी कुप्रसिद्ध जागेने जुलै २०१९ मध्ये मास्टोडॉनचाच कोड उचलला. कोड मुक्त असल्यामुळे कोणी थांबवू शकलं नाही. मात्र एकामागून एक सर्व्हरांनी गॅबशी असलेलं नातं तोडलं आणि ते आपल्या कोपऱ्यात एकटं पडलं. वाळीत टाकण्याची ही ताकद खरी आहे. तिची मर्यादाही खरी: २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी फेडिव्हर्समधल्या दोन दिवसांच्या पोस्ट तपासल्या, तेव्हा बालकांच्या लैंगिक शोषणाची आधीच नोंद असलेली ११२ चित्रं सापडली. मोठ्या कंपन्यांकडे असं साहित्य पकडणारी यंत्रणा आणि पगारी माणसं असतात. लहान सर्व्हरकडे बहुधा नसतात. म्हणून आम्ही अनोळखी सर्व्हरांवरून येणारी चित्रं आपोआप घेत नाही, आणि नवीन खातं तपासल्याशिवाय उघडत नाही. याने वाढ मंदावते. चालेल.

अफवांचं नाशिकपुरतं सांगतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की तासाभरात 'धरण फुटलं'पर्यंत मजल जाते. इथला जुना माणूस गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो: पाणी गुडघ्याला की कमरेला की गळ्याला. ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरात जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरताना आम्ही पाहिले. म्हणून आमच्या सर्व्हरवर पुराच्या दिवसांसाठी एकच कडक नियम आहे: फोटोसोबत वेळ आणि तुम्ही कुठे उभे आहात ते लिहा, नाहीतर पोस्ट काढली जाईल. सिंहस्थात तो नियम गर्दीच्या बातम्यांनाही लागू राहील. २००३ च्या कुंभात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ जणांचे जीव गेले. 'रामकुंडाकडे पूल खचला' अशी एक खोटी ओळ त्या गल्ल्यांमध्ये काय करू शकते, याची कल्पना पंचवटीत राहणाऱ्याला वेगळी द्यावी लागत नाही. १७० जणांवर लक्ष ठेवणं आम्हाला जमतं. १७ हजारांवर जमणार नाही, आणि म्हणून एका मर्यादेपलीकडे आम्ही खाती उघडणार नाही.

कोणी बदनामी केली, फोटो वापरला, तर दाद कुठे मागायची?

गुन्हा असेल तर १९३० वर फोन किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, किंवा सरळ सायबर पोलीस ठाणे. प्लॅटफॉर्म कोणताही असो, हे लागू आहे. २०२१ च्या आयटी नियमांत मध्यस्थाने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्यांवर त्याहून जड जबाबदाऱ्या आहेत. आमच्या मुख्य पानावर माझं नाव आणि फोन नंबर आहे. तो उचलला जातो.

पण त्रास देणारा जर परदेशातल्या निनावी सर्व्हरवर असेल, तर मी फक्त तो सर्व्हर आपल्या लोकांपुरता बंद करू शकतो. तिथे ती पोस्ट राहील. हे कटू आहे, आणि त्रास सोसणाऱ्याला ते सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

उलट बाजूही असते. २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने निलंबित केलं आणि भारतीयांची एक मोठी लाट मास्टोडॉनवर आली. एका कंपनीच्या निर्णयावर आपला आवाज अवलंबून आहे हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा जाणवलं. तरीही विकेंद्रित म्हणजे कायद्याच्या किंवा सरकारच्या आवाक्याबाहेर, असं नाही: मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या १४ मेसेजिंग ॲपमध्ये मॅट्रिक्स या विकेंद्रित मेसेजिंग व्यवस्थेवर चालणारं एलिमेंट होतं.

मुलीला खातं उघडून देऊ का? नववीत आहे.

आमच्या सर्व्हरवर नको. १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे, आणि ती नीट पडताळण्याची सोय आमच्याकडे नाही.

तिथे मराठी माणसं आहेत का?

थोडी. हे खोटं सांगून कोणाला बोलावू नये. पण पोस्टची भाषा मराठी अशी निवडता येते, आणि ज्यांना फॉलो करता त्यांच्या पोस्ट काळाच्या क्रमाने दिसतात. कोणाचा आवाज वर चढवायचा हे यंत्र ठरवत नाही. पानवेलीवरच्या तीन ओळींच्या नोंदीला आठ जणांची विचारपूर्वक उत्तरं आलेली मी इथेच पाहिली.

हे सगळं ठीक, पण तुमच्यावर का विश्वास ठेवायचा?

सबंध ठेवू नका. किती ठेवायचा ते ठरवायला एक घटना सांगतो.

१४ ऑगस्ट २०२३. सर्व्हर मोठ्या यंत्रावर हलवायचा होता. बॅकअप रोज रात्री दोन वाजता होत होता, रोज सकाळी 'झाला' असा मेल येत होता. जुनं यंत्र हलवाहलवीतच दगावलं. शांतपणे बॅकअपची फाइल उघडली तर आत काही नव्हतं. आदल्या दिवशीची उघडली, तीही रिकामी. साठवणीची जागा भरल्यामुळे अकरा दिवस रिकाम्या फाइल तयार होत होत्या, आणि मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामला फाइल झाली एवढंच कळत होतं. बाराव्या दिवशीची फाइल भरलेली निघाली. अकरा दिवसांच्या पोस्ट कायमच्या गेल्या. त्यात एका सभासदाने वडिलांच्या आठवणी लिहिल्या होत्या, पाच भाग. त्याने त्या दुसरीकडे ठेवल्या नव्हत्या.

त्याच रात्री सगळ्यांना काय घडलं, कोणाच्या चुकीने, ते लिहून पाठवलं. चूक माझी होती. तेव्हापासून पहिल्या रविवारच्या भेटीत आम्ही आदल्या रात्रीचा बॅकअप सगळ्यांदेखत दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवतो आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी आपली शेवटची पोस्ट त्यात शोधून दाखवतो. वीसेक मिनिटं जातात. या, बघा. दुसऱ्या कुठल्या सर्व्हरवर जाणार असाल तर तिथेही विचारा की बॅकअप शेवटचा कधी उतरवून पाहिला. 'रोज घेतो' हे उत्तर पुरेसं नाही.

खातं उघडल्यावर पहिल्या दिवशी काय करू?

दुहेरी पडताळणी चालू करा. प्रोफाइलमध्ये फोन नंबर टाकू नका. दोन-चार पोस्ट झाल्या की सेटिंग्जमधल्या आयात-निर्यात विभागात जाऊन तुम्ही फॉलो करता त्यांची यादी उतरवा आणि संपूर्ण संग्रहाची मागणी नोंदवा. संग्रह सात दिवसांतून एकदा मागता येतो. महिन्यातून एकदा मागितलात तरी पुष्कळ. तयार झाला की मेल येईल. मेल आला म्हणून थांबू नका, फाइल उतरवा आणि उघडून आत काय आहे ते बघा.